घरी पीनट बटर करताना मिक्सरमध्ये गोळाच होतो, पातळ का होत नाही?

अबोली (फोंडा)
नमस्कार मंडळी. मुलगा जिमला जायला लागल्यापासून आमच्याकडे पीनट बटरची बाटली पंधरा दिवसांत संपते, म्हणून म्हटलं घरीच करूया, दाण्याचं कूट तर रोजचंच आहे. पण दोनदा केलं आणि दोन्ही वेळा तेच झालं, आधी छान कूट, मग ते कडेला चिकटून बसलं आणि मग कणकेसारखा गोळा. पहिल्या वेळी दोन चमचे कोमट पाणी घातलं तर आणखीनच घट्ट झालं. दुसऱ्या वेळी माडाचा गूळ किसून सुरुवातीलाच घातला, तरी तसंच, वर मिक्सर मध्येच बंद पडला आणि जळका वास आला, पोटात धस्स झालं माझ्या. दुकानातल्यासारखं मऊ, पसरणारं कसं होतं? वरून तेल घालतात का? आणि आपल्याकडे पावसात टिकतं किती दिवस?

सुरंगी (म्हापसा)
अबोलीताई, तेल नको, पाणी तर नाहीच नाही. तुम्ही फक्त थोडं आधी थांबलात. दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, ते सुटायला वेळ लागतो आणि ऊब लागते. मी चार वर्षं करतेय तसं सांगते. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं हलवत राहायचं, पावसाळ्यात दाणे सर्द झालेले असतात तेव्हा थोडं जास्तच. बाहेरून डाग पडले म्हणजे भाजले असं नाही हं, एक दाणा फोडून बघायचा, आतून फिकट बदामी दिसला पाहिजे. मग जाड फडक्यात चोळायचे आणि सुपात पाखडायचे, सालं राहिली तर तुरट लागतं. आता मुख्य गोष्ट, दाणे पूर्ण गार होऊ द्यायचे नाहीत, कोमट असतानाच मिक्सरला लावायचे, आणि चटणीच्या भांड्यात एका वेळी पाव किलोच्या वर नको. अर्धा मिनिट फिरवा, थांबा, चमच्याने कडा खरवडा, परत फिरवा. कूट होईल, मग ओलसर कूट, मग तुमचा तो गोळा, तिथे थांबायचं नाही, गोळा फिरता फिरता त्याला चकाकी येते, मिक्सरचा आवाज एकदम मऊ होतो आणि बघता बघता सगळं भज्याच्या पिठासारखं वाहायला लागतं. दर वेळी तो क्षण बघायला मला तितकंच आवडतं, खरंच. मीठ शेवटी, अर्धा चमचा पुरे.
मिक्सर बंद पडला त्याचं म्हणाल तर बहुतेक मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण असतं, लोड जास्त झाला की ते बाहेर येतं. प्लग काढा, वीस मिनिटं गार होऊ द्या आणि बटण दाबा. जळका वास राहिलाच तर मात्र दाखवून घ्या.

डिचोलीचा वाटसरू
सुरंगीताईंनी सगळं सांगितलंच आहे, फक्त पाण्याचं का ते लिहितो. दाण्याचे बारीक कण तेलात तरंगत असतात म्हणून ते वाहतं. त्यात थोडंसं पाणी पडलं की कण ते पाणी शोषून एकमेकांना चिकटतात, वितळलेल्या चॉकलेटमध्ये थेंब पडल्यावर होतं तसंच. गुळात आणि मधात पाणी असतंच, म्हणून गोड घालायचं तर सगळं पातळ झाल्यावर, अगदी कोरडी पूड करून आणि थोडंच.
दुकानातल्या बऱ्याच बाटल्यांत तेल वर येत नाही कारण त्यात थोडं हायड्रोजनेटेड तेल घालतात, ते घट्ट राहतं आणि दाण्याचं तेल धरून ठेवतं. ही युक्ती अमेरिकेत जोसेफ रोझफील्डने 1922 साली काढली. त्याच्या आधी 1884 मध्ये मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसनने भाजलेल्या दाण्याच्या पेस्टचं पेटंट घेतलं होतं, त्यामुळे अमेरिकन शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी पीनट बटर शोधलं असं जे फॉरवर्ड फिरतं ते बरोबर नाही, भुईमुगावर त्यांचं काम मोठं आहे पण हा शोध त्यांचा नव्हे. घरच्यात तेल वर आलं तर ते ओतून टाकू नका, ढवळून घ्या, नाहीतर तळाला नुसता कोरडा गोळा उरतो. मी झाकण घट्ट लावून बाटली एक रात्र उलटी ठेवतो.

माडाखालची आजी
बाय, एक कळकळीने सांगते, दाणे निवडून घे. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे एकेक करून बाजूला काढ. आपल्या दमट हवेत दाण्यावर बुरशी पटकन धरते आणि तिच्यातून अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते भाजल्याने पूर्ण जात नाही. मी शुक्रवारच्या बाजारातून आणते तेव्हा एक दाणा चावून बघते, जरा जरी खवट लागला तर घेत नाही. आणि केलेलं बटर पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेव, महिनाभर चांगलं राहतं, चमचा मात्र अगदी कोरडा. आमच्या घरी मी कधी कधी निम्मे दाणे आणि निम्मा तुकडा काजू घेते, नातवंडांना तेच हवं असतं.

अबोली (फोंडा)
सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. लाल बटणच होतं, मिक्सर चालू झाला आणि वास पण गेला. आज दुपारी पाव किलो दाणे निवडले, मूठभर बाजूला निघाले, एवढे खराब असतील असं वाटलं नव्हतं. गोळा झाल्यावर हात थांबत होता पण सुरंगीताईंचं वाक्य आठवून फिरवत राहिले, दोनदा मिक्सरला विश्रांती दिली आणि साधारण बाराव्या मिनिटाला आवाज बदलला, तुम्ही म्हणालात अगदी तस्साच. संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकून मुलगा धावत गेला, गरम पोई आणली, मध्ये फाडून त्यात हे लावलं आणि वर माडाचा गूळ नुसता भुरभुरला. पोईच्या उबेने ते वितळून कडेने ओघळत होतं. त्याने तीन खाल्ल्या. उद्या काजूवालं करून बघते, आजी, काजू वेगळे भाजायचे का दाण्यांबरोबरच?

माडाखालची आजी
वेगळे गो बाय. काजूला दाण्याच्या निम्माच वेळ लागतो, एकत्र टाकलेस तर करपतील.