लिंबूटिंबू केलं की झालं?

रानवारा: कालच्या धाग्यावर एका महान आयडीने लिहिलं, 'स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांना मधल्या सुट्टीत लिंबूटिंबू करून घ्या. आम्ही लहानपणी असंच करायचो, कुणाचं काही बिघडलं नाही.' झोप उडाली माझी. लेक तिसरीत आहे, नेहमीच्या शाळेत. पकडापकडीत त्याला कुणी शिवत नाही, त्याने शिवलं तर धरत नाहीत. नुसता मागेमागे पळतो. लिंबूटिंबूवर कधी राज्य येत नाही हो! आणि राज्यच नाही तर खेळ कसला?

सोनटक्का: तो महान आयडी मीच. तुमचा निदान पळतो तरी. माझ्या भाच्याला शॅडो टीचर, म्हणजे शाळेत त्याच्यासोबत राहणारी मदतनीस, सुट्टीभर बाकावर बसवून ठेवते. तुम्हाला भरल्या पोटी राज्य सुचतंय.

पारवा: शॅडोचं नाव काढलंत म्हणून. महिना बारा हजार आम्ही पदरचे देतो, शाळेची फी वेगळी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६मध्ये खेळाचीसुद्धा समान संधी लिहिलीय. मुख्याध्यापिकांना दाखवलं. म्हणाल्या, छान आहे.

सोनटक्का: बारा? आम्ही अठरा देतो!

पारवा: अठरा?? आणि बाकावर बसवायचे?

भिंगरी: फीचा वेगळा धागा काढा की. मूळ मुद्दा: अमेरिकेतल्या संशोधक कॉनी कसारींच्या गटाने २०१२मध्ये ६० मुलांवर अभ्यास केला. एकट्या स्वमग्न मुलाला शिकवण्यापेक्षा वर्गातल्या पोरांना त्याला खेळात कसं घ्यायचं ते शिकवलं तेव्हा जास्त फरक पडला.

खडूफळा: अमेरिकेतलं सांगू नका. माझ्या वर्गात ५४ पोरं आहेत, सुट्टीत मी पोषण आहार वाढते. खेळायला कोण शिकवणार, तुम्ही येता?

भिंगरी: आठवड्यातून एक दिवस येईन. बोलवा.

खडूफळा: बोलतात सगळे.

एकांडा: मी स्वतः स्वमग्न, वय ३१. मला राज्य नकोच होतं. लगोरी फुटली की दगड परत रचायला आवडायचं, सपाट खाली, निमुळता वर. पोरं ओरडायची, 'अरे पळ!' इथेही सगळे तेच ओरडताय.

रानवारा: ...बरं. लेकाला काय हवंय हे मी विचारलं नाही, मान्य. पण लिंबूटिंबू मान्य नाही म्हणजे नाही.

सोनटक्का: नका करू मान्य. पारवा, त्या बारा हजारवाल्या बाईंचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.