लाल आभाळ आणि मेंढपाळ
‘रेड स्काय ॲट नाइट, शेफर्ड्स डिलाइट, रेड स्काय इन द मॉर्निंग, शेफर्ड्स वॉर्निंग’ (रात्री आभाळ लाल तर मेंढपाळ खूश, सकाळी लाल तर मेंढपाळाला इशारा) ही इंग्रजी म्हण नुसती यमकापुरती जुळवलेली असावी, असं कुणी कुणी म्हणतं. मला ते अजिबात पटत नाही. यमक नंतरचं, निरीक्षण फार जुनं. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, १६व्या अध्यायात, येशू लोकांना म्हणतो की संध्याकाळी आभाळ तांबडं दिसलं की तुम्ही उघाड होईल म्हणता आणि सकाळी दिसलं की वादळ. शेक्सपियरच्या १५९३ सालच्या ‘व्हीनस अँड ॲडोनिस’मध्येही तांबडी पहाट खलाशी आणि मेंढपाळ दोघांनाही अशुभच आहे.

आणि यामागे कारणही पक्कं आहे. ब्रिटनमध्ये हवामान बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. मावळतीचा उजेड तिरपा, हवेच्या जाड थरातून येतो. निळा रंग वाटेतच विखुरतो, लाल तेवढा पोचतो. हवेचा दाब जास्त असला की धूळ खालीच अडकून राहते, मग तो लाल आणखी गडद होतो. म्हणजे पश्चिमेची हवा कोरडी, आणि तीच आता इकडे येणार! सकाळी पूर्व लाल असेल, तर ती चांगली हवा बहुधा डोक्यावरून निघून गेलेली असते.

आपल्याकडे मात्र पावसाळ्यात या म्हणीवर विसंबू नये. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र पूर्वेकडून विदर्भात येतं. संध्याकाळी पश्चिम कितीही लाल झाली तरी रात्री पाऊस झोडपू शकतो.