मदत हवी आहे: वयस्कर पेशंटसाठी स्टाफचं ट्रेनिंग, शुक्रवारी!!

मेघा_सातारा:
नमस्कार, शुक्रवारी आमच्या स्टाफचं ट्रेनिंग मला घ्यायचंय, वयस्कर पेशंटना कसं सांभाळायचं ह्यावर. सरांनी कालच सांगितलं, नेटवर बघावं तर सगळ्या इंग्रजी स्लाइडी, आमच्याकडे कोण ऐकणार. कोणाकडे मराठीत तयार काही आहे का? अर्जंट.

फिजिओ_नगरकर:
स्टाफ म्हणजे कोण? सिस्टर, मावशी-मामा की डॉक्टर? वेळ किती?

मेघा_सातारा:
सिस्टर ११, मावशी-मामा ७. ड्यूटी बदलताना पाऊण तास.

दिगंबरकाका:
मुलंच बघत नाहीत हे मूळ दुखणं आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना पोटगी मागता येते, प्रांताकडे अर्ज करावा.

फिजिओ_नगरकर:
काका, त्याला वेगळा धागा काढा ना. मेघाताई, स्लाइडी सोडा, करून दाखवा. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालून वळून परत येऊन बसायचं, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पेशंट पडायचा धोका. स्टाफलाच चष्म्याला व्हॅसलीन फासून आणि बुटात मक्याचे दाणे टाकून चालवा, म्हातारपणी कसं वाटतं ते लगेच कळतं.

निवृत्त_सिस्टर:
पाऊण तासात मक्याचे दाणे कुठे! ३१ वर्षं वॉर्ड केलाय. आधी चष्मा, कवळी, कानाचं मशीन कुठाय ते विचारायला शिकवा. हरवेल म्हणून नातेवाईक घरी नेतात आणि आपण म्हणतो आजोबा ऐकत नाहीत. ओरडायचं नाही, समोर बसून हळू बोलायचं.

फिजिओ_नगरकर:
सांगून विसरतात ताई, अंगावर आलं की लक्षात राहतं.

एमडी_मेडिसिन:
काल नीट बोलणारा माणूस आज बरळतोय, तर त्याला म्हातारचळ म्हणू नका, डेलिरियम (आजारामुळे अचानक आलेला गोंधळ) असू शकतो. इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम बिघडणं, लघवी तुंबणं, झोपेची गोळी, काहीही. गुपचूप पडून राहणारे तर नजरेतून सुटतातच. हे आधी मावशींना कळतं, त्यांनी सांगितलं की ऐकायचं. आणि पेशंटचे हात बांधायचे नाहीत.
मेघा, एकदम ट्रेनिंग का काढलं? काही झालंय का?

मेघा_सातारा:
हो. गेल्या आठवड्यात एक आजी रात्री बाथरूमला जाताना पडल्या, खुबा मोडला. खाटेची साइडरेल (बाजूचा कठडा) वर होती, त्यावरून उतरायला गेल्या. बेल का नाही वाजवली विचारलं तर म्हणाल्या, पोरींना कशाला त्रास.

निवृत्त_सिस्टर:
अगं हे आधी सांगायचंस ना. मग पाऊण तास ह्याच्यावरच घे. रेल ओलांडताना माणूस अजून उंचावरून पडतो. बेलची वाट बघायची नाही, दर २ तासांनी आपण जाऊन विचारायचं, रात्रीचा दिवा चालू, चप्पल हाताशी. आधी बसवायचं, मिनिटभर थांबून मग उभं करायचं. झोपून आणि उभं करून बीपी घ्यायचा, वरचा २० ने उतरला तर डॉक्टरांना कळवायचं.

मेघा_सातारा:
लिहून घेतलं. कवळीच्या डबीवर खाटेचा नंबर टाकू का?

निवृत्त_सिस्टर:
नाव टाक. खाट बदलते.