न शिकवलेली जोडीही जुळते

वर्तनविश्लेषण म्हणजे सराव आणि शाबासकी यांतून वर्तन कसं घडतं याचा अभ्यास. त्या पद्धतीने मूल जेवढं शिकवाल तेवढंच शिकतं, असं म्हटलं जातं. हे मला मुळीच पटत नाही. वर्तनशास्त्रज्ञ मरे सिडमन यांचा १९७१चा प्रयोग बघा. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेला १७ वर्षांचा मुलगा. ‘कॅट’ ऐकलं की तो मांजराच्या चित्रावर बोट ठेवायचा, चित्र दाखवलं की नाव सांगायचा. पण छापील शब्द त्याच्यासाठी नुसत्या रेघोट्या. शिकवलं काय, तर ऐकलेल्या शब्दाला छापील शब्द जुळवणं, असे २० शब्द. त्यानंतर छापील शब्द आणि चित्र यांची जोडी तो लावू लागला, बरेचसे शब्द मोठ्याने वाचूही लागला. या दोन्ही गोष्टी त्याला कुणीही थेट शिकवल्या नव्हत्या!

वर्गात हे करून पाहणाऱ्यांनी एक पथ्य जरूर पाळावं: चाचणी घेताना ‘बरोबर’, ‘शाब्बास’ म्हणायचं नाही. तसं म्हटलं की ते शिकवणंच झालं, मग नवी जोडी मुलाने स्वतः जुळवली की आपण, हे कळणार कसं?

आणि अशा न शिकवलेल्या जोड्या जुळवायला भाषा लागतेच, हेही ठामपणे म्हणता येत नाही. रिओ नावाच्या सी लायनने (सीलसारखा समुद्री प्राणी) १९९३च्या अभ्यासात अशा जोड्या जुळवल्या होत्या.