घटस्फोट कोर्टाबाहेर मिटवलेला बरा की कोर्टातच लढायचं?

पुणेकर_७८:
मावसभावाची केस सातव्या वर्षात आहे, दोघांचे केस पांढरे व्हायला लागले, अजून साक्षीपुराव्यावरच अडलीये. उलट धाकट्या बहिणीचं मागच्या वर्षी मिडिएशनमध्ये (तटस्थ माणसासमोर बसून तडजोड) चार बैठकांत मिटलं. दागिने, मुलाचा ताबा हे दोन बैठकांत ठरलं आणि तिसरी अख्खी बैठक म्हणे एका डिनर सेटवरून गेली, मिडिएटर बाई शांतपणे ऐकत होत्या, मग कळलं की तो सेट आईने शेवटच्या आजारपणात घेऊन दिलेला. कोर्टात एवढं ऐकायला वेळ कुणाला असतो? मग हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा अर्ज टाकला, आधीच दीड वर्षाच्या वर वेगळे राहत होते त्यामुळे सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाच्या आधारे सहा महिने थांबायची अटपण माफ झाली. लोक हे का करत नाहीत?

स्वाती_नाशिक:
कारण सगळ्यांचा नवरा तुमच्या भावजींसारखा नसतो! मी बसलेय त्या खोलीत. ह्यांनी नुसती सॅलरी स्लिप पुढे केली, इन्सेन्टिव्हचा नि गावाकडच्या बागायतीचा विषयच नाही, आणि मला सगळे सांगतायत एकरकमी घे आणि मोकळी हो. समजुतीने घ्यायचं ते नेहमी बाईनेच. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं शपथपत्रावर द्यावं लागतं. मिडिएशनमध्ये ते कुणी मागितलंच नाही. उठून आले.

पुणेकर_७८:
पण उठून येता आलं ना? तिथे सही करायची सक्ती नसते, आणि तिथे बोललेलं कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही.

स्वाती_नाशिक:
माहेरचेच दोघं मागे उभे राहून "कर सही" म्हणत असतील तर कसली आलीये मर्जी. आणि मारहाण झालेली असेल तर समोरासमोर बसवूच नका राव.

वकीलकाका:
मध्ये बोलतो. कोर्टाबाहेर म्हणजे लोकांना मामा-काकांची बैठक वाटते. स्टॅम्प पेपरवर "आजपासून संबंध संपले" लिहायचं, नोटरीचा शिक्का मारायचा, झाला घटस्फोट! एका पक्षकाराने असाच कागद आणला, दुसरा साखरपुडा उरकलेला, हॉलचा अ‍ॅडव्हान्स दिलेला. अहो, हिंदू लग्न असं मोडत नाही, एखाद्या समाजात तशी रूढी असेल तर ती सिद्ध करावी लागते, नाहीतर डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम, कोर्टाचीच. मिडिएशनमध्ये फक्त अटी ठरतात. सासरच्या छळाचं ४९८अ (जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) लावलेलं असेल तर समझोता झाल्यावरसुद्धा ते रद्द करायला हायकोर्टात जावं लागतं. स्वातीताईंचा मुद्दा मात्र खरा आहे, उत्पन्नाचे कागद टेबलावर नसतील तर ती तडजोड नाही, अंदाज आहे.

पुणेकर_७८:
मग आधी शपथपत्र आणि नंतर मिडिएशन, असं केलं तर?

स्वाती_नाशिक:
तसं असतं तर मी बसले असते. आता १९ ला तारीख आहे, चौथं वर्ष. बाय द वे, त्या डिनर सेटचं काय झालं?

पुणेकर_७८:
बहिणीकडे आहे. माळ्यावर, खोकंसुद्धा उघडलेलं नाही.