राष्ट्रपती सरकारला कुठवर अडवू शकतात?

प्रश्न: राष्ट्रपती नुसते सहीचे धनी म्हणतात. मग झैलसिंग आणि नारायणन यांनी सरकारला अडवलं ते कोणत्या कलमाने?

प्रतिसाद १: वाटा दोन आहेत, गल्लत नको. मंत्रिमंडळाचा सल्ला असेल तर कलम ७४. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीमुळे तो एकदाच फेरविचाराला पाठवता येतो. पुन्हा आला की मानावाच लागतो. नारायणन यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशची राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत केली, गुजराल सरकारने आग्रह सोडला. १९९८ला बिहारची परत केली, पण फेब्रुवारी १९९९ मध्ये ती पुन्हा आली आणि सही करावी लागली.

प्रतिसाद २: विधेयकाला कलम १११. मंजुरीला ठरावीक दिवसांची मुदतच नाही, खरी मेख इथे आहे. झैलसिंगांनी १९८६चं टपाल दुरुस्ती विधेयक ना मंजूर केलं ना परत पाठवलं, नुसतं ठेवून दिलं. त्यात लोकांची पत्रं अडवण्याचे अधिकार होते, म्हणून मला ते योग्यच वाटतं. परत पाठवलं असतं, तर संसदेने पुन्हा मंजूर करताच सही अटळ होती. कलामांच्या बाबतीत २००६ला लाभाच्या पदाच्या (ज्यामुळे खासदारकी जाऊ शकते असं सरकारी पद) विधेयकावर नेमकं तेच झालं.

प्रतिसाद ३: धनविधेयक (कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचं विधेयक) परत पाठवता येत नाही. घटनादुरुस्तीला तर १९७१च्या २४व्या दुरुस्तीपासून संमती सक्तीची आहे.