नॅफ्थलिनच्या सिलिंडरवरून काढलेला नसेल्ट नंबर ३५ टक्के जास्त येतोय

वाऱ्यावरची:

पीएचडीचं पहिलं वर्ष आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आडव्या वाऱ्यातल्या सिलिंडरचा हीट ट्रान्सफर मोजायचाय. हीटर लावला तर टोकांतून उष्णता वाहते, रेडिएशन वेगळं वजा करावं लागतं, म्हणून नॅफ्थलिनची पद्धत घेतली: वाऱ्यात नॅफ्थलिन किती उडून जातं ते वजनावरून मोजायचं आणि त्यावरून हीट ट्रान्सफर काढायचा. साच्यात ओतून सिलिंडर बनवला. व्यास २५ मिमी, मधला १५ सेंमी भाग नॅफ्थलिनचा, दोन्ही बाजूंना त्याच व्यासाचं ॲल्युमिनियम. वाऱ्याचा टनेल ३० बाय ३० सेंमीचा, उघड्या सर्किटचा: खोलीतलीच हवा ओढतो आणि खोलीतच सोडतो. वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर (वेग, व्यास आणि हवेची चिकटता यांवरून निघणारा आकडा) साधारण १६,०००.

४० मिनिटांत ६०५ मिलिग्रॅम वजन घटलं. २५ अंशांचा बाष्पदाब धरला तर शेरवुड नंबर (वाफ किती जोमाने वाहून जाते याचं एकक नसलेलं माप) १३९ येतो. श्मिट नंबर (हवेत वाफ पसरण्यासाठीचा) २.२८ आणि प्रांट्ल (हवेत उष्णता पसरण्यासाठीचा) ०.७१ घेऊन, त्यांच्या गुणोत्तराच्या एक-तृतीयांश घाताने भागून नसेल्टमध्ये (उष्णतेसाठीचं तसंच माप) बदलला तर ९४. आडव्या वाऱ्यातल्या सिलिंडरसाठीच्या चर्चिल-बर्नस्टाइनच्या सूत्राप्रमाणे यायला हवा ७०.

तीन वेळा केलं. ५९८, ६०५, ६११. म्हणजे वजन करण्यात तरी घोळ नाही. काटा ०.१ मिलिग्रॅमचा आहे.

गाइड म्हणतात, घातांक बदलून बघ. ०.५९ घेतला की अगदी चपखल जुळतं. पण ०.५९ कुठून आला असं कुणी विचारलं तर काय सांगू? दोन आठवडे याच्यातच गेले. काय चुकतंय?

भोवरा:

टर्ब्युलन्स किती आहे टनेलमध्ये? येणाऱ्या वाऱ्यातच खळबळ असेल तर सिलिंडरच्या पुढच्या बाजूला ट्रान्सफर चांगलाच वाढतो. जाळ्या धुळीने भरल्यात का तेही बघा. आमच्याकडे एकदा जाळीच्या कोपऱ्यात कागदाचा कपटा अडकला होता, महिनाभर कुणाला पत्ता नाही.

वाऱ्यावरची:

हॉट वायरने (वेगातली चढउतार टिपणाऱ्या तापवलेल्या तारेने) मोजलाय, ०.६ टक्के. जाळ्या गेल्याच महिन्यात साफ केल्या.

मापाडी:

०.६ असेल तर टर्ब्युलन्सला सोडा. ताई, मी या डांबरगोळीच्या वासात आयुष्याची बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिला प्रश्न: २५ अंश कुणी सांगितलं? कुठल्या थर्मामीटरने, तो कुठे ठेवला होता, आणि ४० मिनिटांत तो किती वेळा वाचला? तुम्ही सगळं लिहिलंत, व्यास, वेग, काट्याची अचूकता, आणि तापमान मात्र एका शब्दात उरकलंत. या पद्धतीत सगळ्यात नाजूक आकडा तोच असतो. नॅफ्थलिनचा बाष्पदाब २५ अंशांना जेमतेम ११ पास्कल, पण त्या आसपास दर अंशाला तो जवळपास १० टक्क्यांनी वाढतो. काटा ०.१ मिलिग्रॅमचा आणि तापमान दोन अंशांनी चुकलेलं, म्हणजे सोनाराच्या तराजूत अंदाजाने माती मोजण्यातला प्रकार.

तुमचा टनेल खोलीतच हवा सोडतो म्हणता. पंख्याच्या मोटरला जी वीज जाते ती शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत येते. अर्ध्या तासात खोली दोन-तीन अंश चढली तर मला नवल वाटणार नाही.

तीन वेळा तेच उत्तर आलं याचा फार आधार घेऊ नका. पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ रोज पाच मिनिटंच पुढे असतं.

करायचं काय? साच्यात ओतायच्या आधीच एक बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) असा बसवा की त्याचं टोक पृष्ठभागाच्या अगदी लगत, नॅफ्थलिनच्या आत राहील. हवेचं तापमान घेऊन चालत नाही असं नाही, पण पृष्ठभाग हवेपेक्षा किंचित गार असतो, कारण संप्लवनाची (घनाची थेट वाफ होण्याची) उष्णता तो स्वतःतूनच देतो. तुमच्या आकड्यांवर मी हिशेब केला: फरक साधारण ०.१२ अंश, म्हणजे बाष्पदाबात सव्वा टक्का. पुढे याच सव्वा टक्क्यासाठी तुम्हीच भांडाल. सिलिंडर ओतल्यावर हवाबंद डब्यात घालून रात्रभर टनेलच्या खोलीतच ठेवा. आतला गाभा गरम राहिला तर पहिली दहा-पंधरा मिनिटं भलतेच आकडे मिळतात.

दुसरी गोष्ट. काट्यावरून काढलं, टनेलमध्ये बसवलं, पंखा वेगावर आला, मग बंद केला, सोडवून परत काट्यावर. या सगळ्यात दहा-बारा मिनिटं जातात आणि तेवढा वेळ नॅफ्थलिन काही तुमची वाट बघत बसत नाही. पंखा न लावता हाच सगळा सोपस्कार तितकीच मिनिटं करा आणि जे घटेल ते प्रत्येक वाचनातून वजा करा. आळस करू नका, हे मी सांगतोय कारण मी स्वतः तो केला होता.

आणि एक अवांतर. शुद्ध नॅफ्थलिनच वापरताय ना, बाजारातल्या गोळ्या नाही? मी उमेदवारीच्या दिवसांत पैसे वाचवायला गोळ्या वितळवल्या होत्या. सिलिंडर डोळ्यांदेखत बारीक होत गेला. गोळ्या निघाल्या पॅराडायक्लोरोबेन्झिनच्या, ज्याचा बाष्पदाब नॅफ्थलिनच्या वीसेक पट. वितळताना ८० ऐवजी ५३ अंशांनाच पातळ झाल्या होत्या तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं.

राहता राहिला तुमचा ०.५९. त्या ०.५९ मध्ये बहुतेक तुमचा थर्मामीटर लपलाय. आज घातांक बदलून जुळवाल, उद्या थंडीत प्रयोग कराल तेव्हा दुसरा घातांक लागेल.

घातांकशास्त्री:

मापाडींशी सहमत, पण घातांकाचाही थोडा दोष आहे, तो सुटू नये.

एक-तृतीयांश हा चिल्टन आणि कोलबर्न यांच्या १९३४ च्या ॲनॉलॉजीतून (उष्णता आणि वाफ सारख्याच रीतीने वाहतात या साधर्म्यातून) आपण सगळे डोळे झाकून उचलतो. सपाट पत्र्यावरच्या लॅमिनर बाउंडरी लेयरला (पृष्ठभागालगतच्या शांत वाहणाऱ्या हवेच्या थराला) तो छान बसतो. पण सिलिंडरच्या मागच्या बाजूला प्रवाह सुटलेला असतो, भोवरे येऊन आपटत असतात. तिथे एक-तृतीयांशाची हमी कुणी दिली?

लांब जायला नको. तुम्ही ज्या सूत्राशी तुलना करताय त्याच सूत्रात एकदा ०.७१ घाला आणि एकदा २.२८ घाला. तुमच्या रेनॉल्ड्सला अनुक्रमे ७० आणि १०९ मिळतील. गुणोत्तर १.५७ च्या जवळ, म्हणजे घातांक साधारण ०.३८. तुम्ही एक-तृतीयांशाने भागलंत तेव्हा १.४७ ने भागलंत. नुसत्या या बदलात ६ टक्के गेले.

माझा सल्ला: नसेल्टमध्ये जाऊच नका. शेरवुडची तुलना थेट शेरवुडशी करा. १३९ विरुद्ध १०९. आता तफावत ३५ नाही, २७ टक्के. ती मापाडींच्या हवाली.

भोवरा:

खोलीतच हवा सोडताय तर नॅफ्थलिनची वाफ परत टनेलमध्ये येत असणार ना? तीही मोजायला नको?

मापाडी:

चांगली शंका, पण आकडा काढून बघा. खोली समजा २०० घनमीटर. ६०० मिलिग्रॅम सगळी त्यात मिसळली तरी घनमीटरला ३ मिलिग्रॅम. पृष्ठभागालगत संपृक्त वाफ असते साधारण ५६० मिलिग्रॅम. अर्धा टक्का, तोही अगदी शेवटी. शिवाय वाफ मागे आली तर झीज कमी होईल, इथे जास्त होतेय. बंद सर्किटचा टनेल असता तर मात्र मी हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारला असता, तिथे सगळी वाफ दोन-चार घनमीटरांत फिरत राहते.

खिडकी मात्र उघडी ठेवा, ती आकड्यासाठी नाही, फुप्फुसांसाठी. वितळवताना तर फ्यूम हूडखालीच, आणि उघड्या ज्योतीवर अजिबात नाही.

वाऱ्यावरची:

दहा दिवसांनी परत आलेय. आधी कबुली: २५ अंश हे एसीच्या डिस्प्लेवरचे होते. एसी समोरच्या भिंतीला, टनेलचं तोंड दुसऱ्या कोपऱ्यात, मोटरच्या बाजूला. लिहितानाच लाज वाटतेय.

नवीन सिलिंडर ओतला, थर्मोकपल आत बसवून. पहिले दोन साच्यातून काढतानाच तडकले. तिसऱ्याला घाई केली नाही, पूर्ण गार होऊ दिला, मग बाजूने एक हलका ठोका, आणि गडी सुटून आला. रात्रभर डब्यात ठेवला.

सुरुवातीला पृष्ठभाग २५.३, शेवटी २८.१. पहिल्या पंधरा मिनिटांत भराभर चढतं, मग सपाट होत जातं. सरासरी २६.९. दर मिनिटाचा बाष्पदाब काढून त्याची सरासरीही घेतली, पण सरासरी तापमानाच्या बाष्पदाबापेक्षा ती अर्धा टक्कासुद्धा वेगळी नाही. पंखा न लावता सगळा सोपस्कार केला तर १४ मिलिग्रॅम गेले.

यावेळी एकूण घट ६०४. चौदा वजा करून, २६.९ चा बाष्पदाब आणि त्याच तापमानाचा डिफ्युजन कोइफिशंट (हवेत वाफ पसरण्याचा गुणांक) धरून शेरवुड ११२. सूत्र म्हणतं १०८-१०९.

गाइडना दाखवलं. ते बराच वेळ आलेखाकडे बघत होते, मग म्हणाले, मोटर खोलीबाहेर नेता येईल का विचार.

मापाडी:

नेता आली तर उत्तमच. उरलेले तीन टक्के आत्ता शोधू नका. ३० सेंमीच्या टनेलमध्ये २५ मिमीचा सिलिंडर म्हणजे ८ टक्के वाट अडवलीय, बाजूने हवा जरा जास्त वेगाने जाते. त्याची दुरुस्ती केलीत की त्यातलेही काही जातील. आणि ज्या सूत्राशी जुळवताय त्याच्यामागे अनेकांची मोजमापं आहेत, ती एकमेकांशीच २० टक्क्यांपर्यंत भांडतात. ११२ तुमचा आहे, १०९ त्यांचा.

तडकलेले दोन सिलिंडर फेकू नका, वितळवून परत ओतता येतात. फक्त थर्मोकपल आधी सोडवून घ्या.

वाऱ्यावरची:

थर्मोकपल तुटला काका, एकात. दुसऱ्यातला वाचवलाय.